बाणमामांचा जिना

कुठलीही वस्तू उचलण्याआधी बाणमामा तिच्याकडे बघत उभे राहायचे. थोडं मागे सरकून, मान तिरकी करून, डोळे अर्धे मिटून असं काही बघायचे, की नवख्या माणसाला वाटावं, यांना चक्कर येतेय. मग शर्टाच्या खिशातून खडूचा तुकडा निघायचा आणि त्या वस्तूवर बाण उमटायचे. एक खाली, एक वर, एक ओढायच्या दिशेला आणि एक त्याच्या बरोबर उलट. एका लग्नात सांबाराचं भलंमोठं पातेलं पंगतीकडे न्यायचं होतं. चौघे जण पंचे कमरेला खोचून तयार होते, तेवढ्यात मामा मध्ये आले. "थांबा रे, आधी फोर्स किती आहेत बघू दे." त्यांचा खडू बाहेर येईपर्यंत आचाऱ्यांनी पातेलं उचलून नेलंसुद्धा, आणि मामा रिकाम्या जागेकडे बघत उभे. तेव्हापासून कुणी कामात रेंगाळलं की "बाणमामा झालास का?" असं विचारायची आमच्यात पद्धतच पडली.

आम्ही म्हैसूरची पिढ्यान्पिढ्यांची मराठी माणसं. पूर्वी आमच्या घरांत कापड रंगवायचं आणि छापायचं काम चाले. आता कुणी बँकेत आहे, कुणी शाळेत, कुणाचं मोबाइलचं दुकान. बोलतो मराठीच, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलंय, की पुण्याकडची माणसं आमच्याशी बोलताना मधूनच गोंधळून हसतात. मामा माझे सख्खे मामा नव्हेत. ते एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत, आणि निवृत्तीनंतर विजयनगर भागातल्या आपल्या घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या छपराखाली, समाजातल्या आणि शेजारपाजारच्या मुलांना शिकवत. त्यामुळे ते सगळ्यांचेच मामा झाले. घरात शिरलं की बाणच बाण. गॅसच्या सिलिंडरवर बाण, तांदळाच्या डब्यावर बाण, स्कूटरच्या सीटवर बाण. मामी ते ओल्या फडक्याने पुसायच्या आणि मामा पुन्हा काढायचे. त्यावरून दोघांत कधी शब्दाला शब्द लागल्याचं मला आठवत नाही.

गच्चीवर एक जुनी लाकडी पेटी होती, तिला एक पट्टा बांधलेला. नवं पोर वर्गात आलं की पहिल्या दिवशी त्याने ती पेटी गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायची. मग मामा विचारायचे, "वर्क किती झालं?" पोर फॉर्म्युला आठवायला लागलं की ते हात हलवायचे. "बेडा, बेडा. नको ते. असा प्रश्नच नसतो रे. वर्क कुणी केलं, ते आधी विचार." पट्ट्याने केलेलं वेगळं, घर्षणाने केलेलं वेगळं, पृथ्वीने केलेलं वेगळं, फरशीने केलेलं वेगळं. पट्टा तिरका धरला, तर त्याच्या ओढीतला जेवढा भाग पेटीच्या वाटेने जातो तेवढाच धरायचा. त्यासाठी तो कोन आणि त्याची कोसाइन. घर्षण उलट्या दिशेला, म्हणून त्याचं कार्य उणे. पृथ्वी खाली ओढते आणि फरशी वर ढकलते, पण पेटी जाते आडवी, म्हणून त्या दोघींचं शून्य. शून्य म्हटलं की आम्ही ती ओळ गाळूनच टाकायचो. मामांना ते खपत नसे. "शून्य असलं तरी लिही. बघून शून्य म्हणालीस की न बघता, मला कसं कळणार?"

मी त्या वर्गात आले ती सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला. फिजिक्स माझ्या डोक्यावरून जायचं आणि घरच्यांनी माझ्यापुढे हात टेकले होते. एकदा मामांनी गणित घातलं. रंगाच्या हौदातून ओलं कापड कप्पीवरून सरळ वर ओढायचं. खाली असताना त्यात पाणी भरपूर, वर जाता जाता ते सारखं गळत राहतं, आणि टोकाला पोचेपर्यंत वजन निम्म्यावर येतं. ओढणाऱ्याने केलेलं कार्य किती? शेजारपाजारच्या मुलांनी सगळं ओलं वजन घेतलं आणि त्याला उंचीने गुणलं. आम्हा रंगाऱ्यांच्या घरच्या तिघींनी मात्र, एकमेकींचं न बघता, पहिल्यापासून निम्मंच वजन धरलं. मामांनी विचारलं, "हे कुठून आणलंत?"

मी म्हटलं, "मामा, कापड आधी हौदावरच पिळायचं ना? गळतं कापड कोण वर ओढतं? सगळा रंग अंगावर येईल की."

मामांचे आजोबा सोसले गावात नदीकाठी कापड रंगवायचे. मामा त्या काठावर गेले असावेत, कारण डोळे आमच्याकडे होते पण आम्ही त्यात नव्हतो. मग हसून म्हणाले, "आजोबा पण हेच म्हणाले असते. खरं रंगाऱ्याचं उत्तर दिलंत. पण मगळे, परीक्षेत पिळायला कुणी देत नाही गं. तिथे गळतंच ओढायचं." माया आली की ते आम्हा मुलींना कन्नडमधून मगळे म्हणत. त्यांनी फळ्यावर आलेख काढला. आडवी उंची, उभं वजन, आणि हळूहळू उतरत जाणारी एक तिरकी रेघ. "या रेघेखाली जेवढी जागा, तेवढं तुझं वर्क. बघ, नोडु, कापड कसं हलकं होत चाललंय." मला खरंच हातातलं कापड हलकं होत गेल्यासारखं वाटलं. गणितातली रेघ अंगाला जाणवण्याचा तो माझा पहिला दिवस.

दर वर्षी एका रविवारी ते वर्गाला चामुंडी बेट्टावर, म्हणजे टेकडीवर, न्यायचे. अर्ध्या मुलांनी पायऱ्यांनी जायचं, अर्ध्यांनी बसने वळणावळणाच्या रस्त्याने. वर भेटल्यावर पायऱ्यांवाले घामाघूम, बसवाले शेंगा खात बसलेले. मामा विचारायचे, "पृथ्वीने कुणावर जास्त वर्क केलं?" पायऱ्यांवाले तावातावाने आपला हक्क सांगायचे. मामा मान हलवायचे. "दोघं सारखंच वर आलात. वजन सारखं असलं तर पृथ्वीचं वर्क पण सारखंच, आणि उणे. गुरुत्वाकर्षणाला रस्ता कळत नाही, उंचीच कळते." मग खाली पसरलेल्या गावाकडे, तळ्यांकडे, धूसर झाडीकडे बघत हळूच म्हणायचे, "घर्षणाचं तसं नाही. ते वाटेतलं एक वळण विसरत नाही." हे वाक्य ते आम्हाला सांगत की स्वतःला, कोण जाणे.

शिकवता शिकवता हरवायची त्यांना सवयच होती. वाक्य अर्ध्यावर थांबायचं, खडू हवेत, नजर शेजारच्या नारळाच्या झावळ्यांवर. आम्ही वाट बघायचो. वाऱ्याने झावळी हलायची, पत्र्यावर तिची सावली सरकायची, खालून मामींच्या फोडणीचा वास यायचा, आणि कधी कधी आम्हीही पेंगायला लागायचो. एका दुपारी तर अख्खा वर्ग मामांसकट झोपला. मामी कॉफी घेऊन जिना चढून आल्या, आम्हाला बघितलं, आणि तशाच पाय न वाजवता कॉफी परत घेऊन गेल्या. जाग आल्यावर आम्ही खाली गेलो तर म्हणाल्या, "उठवायचं कशाला? इतकी गाढ झोप कुणाला लागते?"

मी पास झाले, बऱ्या मार्कांनी झाले, आणि फिजिओथेरपी शिकले. हिनकलच्या रस्त्यावर माझं छोटंसं क्लिनिक आहे. मामांना ते फार आवडलं होतं. "म्हणजे तू हाडामासाच्या पेट्या ओढणार, अल्वा, हो ना?" असं म्हणून खूप हसले होते. त्यांनाच एक दिवस ओढायची वेळ माझ्यावर येईल, असं दोघांच्याही मनात नव्हतं.

अर्धांगाचा झटका आला तो अंघोळ करून बाहेर येताना. डावा हात आणि डावा पाय गेला. बोलणं थोडं जड झालं, पण डोकं शाबूत होतं. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर पुण्याहून मुलगा आला, विनय. विनय वाईट मुलगा नव्हे. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण गावात लोक त्याला नावं ठेवत होते. आईवडील दोघंही सत्तरीच्या पुढे, म्हैसूरला एकटे, आणि हा पुण्यात नोकरीला. त्याने सरळ सांगितलं, "अप्पा, घर बंद करू. दोघं माझ्याकडे चला."

मामांनी उजव्या हाताने गच्चीकडे बोट दाखवलं. "माझा वर्ग आहे वर."

"अप्पा, तुम्हाला उंबरा ओलांडता येत नाही."

बराच वाद झाला. शेवटी बापलेकांत ठरलं, की गौरीच्या सणापर्यंत मामा स्वतःच्या पायांनी तो जिना चढून वर्गात गेले, तर म्हैसूरलाच राहायचं. नाही तर पुणे. विनय माझ्याकडे वळून म्हणाला, "उमाताई, आता तुमच्या हातात." मला तेव्हा त्याचा रागच आला होता. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कुणी अशी परीक्षा घालतं का? पण मामांचे डोळे लकाकले होते. परीक्षा म्हटली की त्यांना बरं वाटायचं.

पेशंट म्हणून मामांनी माझ्या नाकी नऊ आणले. पाय उचला म्हटलं की आधी मांडीवर बाण काढून द्यायला लावायचे. गुडघा वाकवला की कोन विचारायचे. एक पाऊल टाकायला पाच मिनिटं विचार, आणि पाऊल टाकल्यावर त्यावर व्याख्यान. मी ओरडले तर म्हणायचे, "ओरडू नको. ओरडण्याने डिस्प्लेसमेंट होत नाही." हळूहळू उंबरा ओलांडला, अंगण आलं, जिन्याची पहिली पायरी आली. चढताना चांगला पाय आधी वर टाकायचा, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. तो मी सांगितला तर मामा अडून बसले.

"जो पाय आधी वर जातो, तोच अंग उचलतो. म्हणजे सगळं वर्क उजव्याचं. डाव्याचं शून्य?"

"मामा, डावा अजून कच्चा आहे."

"असू दे. मधूनमधून एक पायरी त्याला पण दे. त्याला वाटेल, मला काढून टाकला."

मी कपाळावर हात मारला, पण पुढच्या आठवड्यांत कठड्याला घट्ट धरून एखादी पायरी डाव्याला द्यायला लागले. खरं सांगते, तो पाय सुधारला तो त्यामुळेच.

मी रोज तासभर जायचे. बाकीचा वेळ मामी. मागे एक पायरी सोडून उभं राहायचं आणि पाठीला हात टेकवायचा, हे मीच त्यांना शिकवलं होतं. "हौदु, हो, करते," म्हणायच्या, आणि करायच्या. मामी बारीक अंगाच्या, उंचीला जेमतेम मामांच्या काखेइतक्या. त्यांना कधी विचारलं, "मामी, जमतंय ना?" तर म्हणायच्या, "मला काय धाड भरलीये? ह्यांचं बघ." मी ह्यांचंच बघत होते.

सणाच्या आदल्या दिवशी विनय पहाटे येऊन पोचला. मी सकाळी गेले तेव्हा मामा स्वच्छ शर्ट घालून, दाढी करून, जिन्याच्या तळाशी उभे होते. मामी नेहमीप्रमाणे पाठीला हात लावून मागे. विनयने दुसरीकडून दंड धरला होता.

"सगळ्यांनी हात काढा," मामा म्हणाले.

"अप्पा, असं नको. आईला तरी..."

"हात लावलात तर उत्तर चुकतं. वर्क कुणी केलं ते कसं सांगणार मी तुला?" मग मामींकडे वळून म्हणाले, "तू पण काढ गं. आज तू बस. एकदा मला बघू दे."

मामींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मीच मागे राहणार होते, हात न लावता, पण लागलाच तर पोचेल इतक्या अंतरावर. मामींनी हात काढला. तो काढल्यावर त्याचं काय करायचं ते त्यांना कळेना. पदराला पुसला, पुन्हा पुसला, आणि त्या सगळ्यात खालच्या पायरीवर भिंतीच्या कडेला टेकल्या.

मामा चढायला लागले. उजवा पाय, कठड्यावरचा हात, मग डावा ओढून शेजारी. थोडं थांबणं. पुन्हा उजवा. मध्येच डाव्याला एक पायरी दिली, आणि ती देताना सगळं अंग थरथरलं, तरी दिली. ऊन कोवळं होतं. नारळाच्या झावळीची सावली जिन्यावर मागेपुढे होत होती आणि मामा तिच्यातून वर चालले होते, ओठ हलवत, बहुतेक एकेक बल मोजत. विनय वर जाऊन उभा होता. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आपण हरावं म्हणून तो मनापासून प्रार्थना करत होता.

शेवटची पायरी आली. मामांनी गच्चीच्या फरशीवर दोन्ही पाय टेकवले आणि श्वास सोडला. विनयच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही आलं. मामा कठडा धरून सावकाश वळले, खाली बघितलं, आणि हाक मारायला तोंड उघडलं ते तसंच राहिलं.

मामी झोपल्या होत्या. त्याच पायरीवर, भिंतीला डोकं टेकून, तोंड थोडं उघडं, दोन्ही हात मांडीवर उताणे. सकाळची वेळ, कॉफी होऊन तासही झाला नव्हता. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. रस्त्यावरून फुलवाला ओरडत गेला. त्या हलल्याही नाहीत.

विनय हाक मारणार होता. मामांनी त्याचा दंड धरला. "सुम्ने राहा, गप्प. झोपू दे."

आम्ही तिघं तिथेच उभे राहिलो. मामा कठड्यावर रेलून खाली बघत होते. नेहमीसारखंच, मान तिरकी करून, डोळे अर्धे मिटून. मागे त्यांचा वर्ग होता, फळा होता, पेटी होती. तिकडे त्यांनी वळूनही बघितलं नाही. बऱ्याच वेळाने मला विचारलं, "उमा, रात्री मला किती वेळा उठवून बाथरूमला नेते गं ही?"

"मला माहीत नाही, मामा."

"मला पण माहीत नाही. मी अर्धा झोपेत असतो." मग विनयकडे बघून म्हणाले, "तुझ्या बिल्डिंगला लिफ्ट आहे म्हणालास ना?"

"आहे. पण अप्पा..."

"आणि रात्रीचं बघायला माणूस मिळतं?"

"मिळतं. मी पण आहे. पण अप्पा, तुम्ही चढलात! आपलं ठरलं होतं."

"चढलो रे. ते झालं. आता तिकिटं काढ."

मामींना जाग आल्यावर हे कळलं तेव्हा त्या कधी नव्हे ते चिडल्या. "मी कधी म्हटलं, मला होत नाही म्हणून? तुमचं सगळं इथे आहे. माझ्यासाठी कशाला?" मामा म्हणाले, "तू म्हणणारच नव्हतीस." एवढंच. गणपती विसर्जन झाल्यावर ते दोघं गेले. स्टेशनवर निरोप द्यायला इतकी जुनी मुलं आली होती, की डब्यात चढायला वाट नव्हती. मामांना उचलून चढवायला चौघे पुढे झाले, आणि या वेळी ते थांबा म्हणाले नाहीत. मला फार रडू आलं.

पुण्याला ते दोन वर्षं होते. फोनवर जुन्या मुलांच्या मुलांना गणितं सांगायचे. गेल्या थंडीत गेले, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. मी मामींना फोन केला तेव्हा त्या शांत होत्या. म्हणाल्या, "इथे रात्री एक बाई यायची गं. मी झोपायचे. पण ती बाई मला सांगायची, साहेब झोपत नाहीत, तुमच्याकडे बघत पडून असतात. मी ह्यांना विचारलं, झोप येत नाही का? तर म्हणाले, येते की, आधी तुझी लागू दे."

आता माझ्याकडे कुणी पुन्हा चालायला शिकायला आलं, की मी आधी त्याच्या सोबत आलेल्या माणसाला खुर्ची देते.